नाताळात अंदमान : सासूबाई ७६, पोरं दोन, आणि गोवा दारात

हिंडलग्याची_सून | १२ ऑक्टोबर, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथं नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमची दोन्ही पोरं कॉन्व्हेंटात. दसऱ्याला शाळेनं मोजून चार दिवस सोडलं, आणि नाताळला २३ डिसेंबरपासून दहा दिवस सुट्टी. मिस्टर सरकारी नोकरीत. बेळगावच्या सुवर्णसौधातलं विधिमंडळाचं अधिवेशन संपेपर्यंत घरात रजेचं नावसुद्धा काढायचं नाही. म्हणजे जायचं तर नाताळातच, जेव्हा सगळं जग निघतं तेव्हा.

धाकट्याला बेट बघायचंय. भूगोलात शिकलाय, चारी बाजूंनी पाणी पाहिजे म्हणे. मिस्टर म्हणतात, चोर्ला घाट उतरलं की गोवा, दिवाडला फेरीबोटीनं नेऊन आणतो, चारी बाजूंनी पाणीच आहे, झालं बेट.

खरं अडलंय सासूबाईंपाशी. त्यांना 'काळं पाणी' बघायचंय. त्यांचं माहेर हिंडलगा तुरुंगाच्या शेजारचं. १९५० साली सावरकरांना स्थानबद्ध करून शंभरेक दिवस आपल्या इथंच ठेवलं होतं. तेव्हा सासूबाई पाळण्यात. त्यांच्या वडिलांच्या म्हशी होत्या आणि तुरुंगात दूध जायचं. "आमच्या दुधाचा चहा प्यायलेत ते," हे वाक्य आमच्या घरात गणपतीच्या आरतीइतक्या वेळा ऐकलंय. आता म्हणतात, इकडला तुरुंग बघून झाला, तिकडला बघू दे.

त्यांचे गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे, मासे सोडाच, कांदासुद्धा चातुर्मासात खात नाहीत. अशा माणसाला नाताळच्या गर्दीत अंदमानला न्यावं का? बोटीत त्रास होईल का? कुणी गेलंय का घरच्या मोठ्यांना घेऊन?

टिळकवाडीचा_टवाळ | १२ ऑक्टोबर, रात्री १०.५२

२४ तारखेला दुपारी चोर्ल्यात शिरा. मधोमध अडकलात की तेच तुमचं बेट. चारी बाजूंनी गाड्या.

निपाणीकर | १२ ऑक्टोबर, रात्री ११.३०

वैनी, न्या. मी २०२३ च्या डिसेंबरात आई-वडिलांना घेऊन गेलतो. आई ७१ ची.

रात्री बेळगावातनं राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पकडली, सकाळी बंगळूर. तिथं पाव्हण्यांकडं एक मुक्काम टाकून दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान. त्याच दिवशी गाडीवरनं उतरून विमान गाठायच्या भानगडीत पडू नका. गाडीला उशीर झाला की सगळी तिकिटं पाण्यात, आणि तेही काळ्या नव्हं, साध्या पाण्यात.

एक गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती ती सांगतो. तिथं संध्याकाळ नसतीच. पाचला सूर्य बुडतो. घड्याळ आपलंच, खरं बेट पार ब्रह्मदेशाच्या अंगाला आहे. बेळगावात डिसेंबरात सहा वाजून गेले तरी उजेड असतोय, तिथं त्याच वेळी मिट्ट काळोख. आम्ही पहिल्या दिवशी आपल्या सवयीनं जेवलो, वामकुक्षी काढली, चहा घेतला आणि साडेचारला समुद्रावर निघालो. पोचेपर्यंत दिवस संपलेला. दुसऱ्या दिवसापासनं आई पहाटे पाचला सगळ्यांना उठवायला लागली. तिथं साडेपाच-पावणेसहालाच ऊन येतंय. म्हाताऱ्या माणसांना हे वेळापत्रक झकास मानवतं, त्रास तुम्हाआम्हालाच.

चिकोडी_एक्स्प्रेस | १२ ऑक्टोबर, रात्री ११.४१

खर्च किती आला ते सांगा की. वामकुक्षीचं काय घेऊन बसलाय.

निपाणीकर | १३ ऑक्टोबर, सकाळी ७.०५

पाच जणांचे सहा दिवस, विमान धरून दोन लाखांच्या वर गेले. निम्मे विमानालाच. जानेवारीच्या मध्याला तेच तिकीट पुष्कळ उतरलेलं होतं, हे परत आल्यावर बघितलं आणि बायकोला दाखवलं नाही.

खानापूर_लोंढा | १३ ऑक्टोबर, सकाळी ९.१५

अंदमानच का? लक्षद्वीप बघा. कोचीहून जहाज किंवा अगत्तीला विमान. पाणी असं निळं, की फोटो खोटा वाटतोय. खरं त्याला परवाना लागतो, आपल्या लोकांनापण, आणि तो आयत्या वेळी मिळत नाही. छत्तीसपैकी दहाच बेटांवर वस्ती आहे, राहायच्या जागा थोड्या. अंदमानला आपल्याला असा परवाना लागत नाही.

आणि मित्रांनो, लक्षद्वीपात दारूबंदी आहे, एक बंगारम सोडून. ३१ डिसेंबरचे बेत आखून जाऊ नका.

टिळकवाडीचा_टवाळ | १३ ऑक्टोबर, सकाळी ९.१८

मिस्टरांचा दिवाडचा बेत आता कळला.

गोळीवाली_ताई | १३ ऑक्टोबर, दुपारी २.२०

औषधाच्या दुकानात बसते म्हणून लिहिते. बोट लागण्याची गोळी निघायच्या तास-अर्धा तास आधी घ्यायची असते. पोटात ढवळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, ती गोळीच बाहेर येते. सासूबाईंना बीपीची गोळी चालू आहे, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुकानातनं काहीही उचलून देऊ नका. यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, तोंड कोरडं पडतं, म्हाताऱ्या माणसांचा तोलही जातो.

बोटीत खालच्या मजल्यावर, मधली जागा मागा. टोकाला हेलकावा जास्त. मोबाईलमध्ये डोकं घालायचं नाही, लांब क्षितिजाकडं बघायचं. पोटात थोडं कोरडं असावं, दशमी चालेल, मिसळ नको. आणि आलेपाक ठेवा जवळ.

सगळी औषधं दोन पिशव्यांत वाटून न्या. आमच्या एका गिऱ्हाइकाची बॅग विमानतळावर चुकली, त्यात आठ दिवसांच्या साखरेच्या गोळ्या होत्या.

कॅम्पातली | १३ ऑक्टोबर, रात्री ८.४५

मी जरा वेगळं बोलते, राग मानू नका.

तुम्हा सगळ्यांना नाताळ म्हणजे दहा दिवस सुट्टी. आमच्याकडं तो सण आहे. दिवाळीत तुम्ही घराला कुलूप लावून बेटावर जाल का? आमच्या गल्लीत गेल्या वर्षी बारापैकी पाच घरं बंद. पोरं कुणी दुबईला, कुणी फुकेतला. चांदण्या लावलेल्या, खरं आत माणूस नाही. चर्चमध्ये मध्यरात्रीच्या मिसला, म्हणजे प्रार्थनेला, बाकडी मोकळी. दोदोल म्हणजे आमचं नाताळचं गोड, ते ढवळायला चार हात लागतात ओ, एकटीनं कसं ढवळायचं?

मीपण एकदा चुकले. लेकीनं हट्टानं मालदीवला नेलं. २४ तारखेला रिसॉर्टवाल्यांनी जेवण सक्तीचं करून माणशी वेगळे पैसे लावले. एवढ्या उकाड्यात लाल कोटातला सांता स्पीडबोटीतनं आला, बिचाऱ्याची दाढी घामानं गळ्यात उतरलेली. थर्माकोलचं हरीण, त्यावर कापसाचा बर्फ, आणि शेजारी माड. जेवण चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. खरं रात्री बारा वाजता मी खोलीत बसून मोबाईलवर आमच्या कॅम्पातल्या चर्चची मिस बघत होते. तिथं चर्च नाही, असू देत नाहीत. पाण्यावरची ती लाकडी खोली, खाली मासे फिरतात, आणि मी रडतेय. लेक म्हणाली, ममा, एवढे पैसे भरले ते रडायला काय?

मांडेवाला | १३ ऑक्टोबर, रात्री ९.०२

आँटी, दोदोल ढवळायला मी येतो. मजुरी दोदोलात.

शहापूरकर | १३ ऑक्टोबर, रात्री ९.३०

कॅम्पातली बाई, तुमचं बरोबर आहे. खरं ज्यांच्या घरी नाताळ नाही त्यांनी त्या दिवसांत कुठं जायचं नाही का? शाळा सुट्टी देते तेव्हाच जाणार ना माणूस.

मालदीवचं निघालंच आहे तर सांगतो. तिथं पूजेची मूर्ती न्यायला बंदी आहे. आमच्या आईचा बाळकृष्ण जाईल तिथं बरोबर असतो, काशीला, अमेरिकेला, मिरजेच्या दवाखान्यातसुद्धा. मालदीवला निघताना हे कळलं आणि आईनं बाळकृष्ण शेजारच्या कुलकर्णी काकूंकडं ठेवला. पाच दिवस रोज व्हिडीओ कॉल. "आज लोणी दाखवलंत का? ताजं होतं का?" कोरल बघायला पाण्यात उतरायची वेळ आणि आमची आई नैवेद्याची चौकशी करतेय. ज्यांच्या घरात देव प्रवास करतात त्यांनी हे ध्यानात ठेवा.

बेटच पाहिजे आणि ऐपत असेल तर मॉरिशस. मुलगा तिथं दोन वर्षं होता, आम्ही डिसेंबरात गेलो. विषुववृत्ताच्या पलीकडं असल्यानं तिथं तेव्हा भर उन्हाळा. रस्त्यारस्त्यानं गुलमोहर लालभडक फुललेला आणि कोपऱ्याकोपऱ्यावर लिचीचे घोस. नाताळ म्हणजे तिथल्या लोकांना गुलमोहर आणि लिचीच. आपला मे महिना आणि डिसेंबर कुणीतरी एकात एक कालवल्यासारखं वाटतं. फक्त तो वादळांचा हंगाम असतो, तेवढी खबर ठेवून जावं लागतं.

खरी मजा पुढं आहे. पोर्ट लुईत आप्रवासी घाट म्हणून जागा आहे, उसाच्या मळ्यांसाठी करारानं नेलेले मजूर जिथं उतरले ती. २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथल्या पायऱ्यांवर उभा होतो, मागनं एक म्हातारा आला आणि विचारतोय, "तुम्ही मराठी काय?" मी उडालोच. त्याच्या आजोबांचा बाप कोकणातनं गेलेला. घरात क्रिओल बोलतात, मराठी देवळात आणि शाळेत शिकलेली, जरा पुस्तकी, खरं शुद्ध. तिथं गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. आम्ही बेळगावचे म्हटल्यावर विचारतोय, ते महाराष्ट्रात की कर्नाटकात?

एवढ्या लांब, हिंदी महासागराच्या मधोमध, तोच प्रश्न!

चिकोडी_एक्स्प्रेस | १३ ऑक्टोबर, रात्री ९.३४

मग काय सांगितलंत?

शहापूरकर | १३ ऑक्टोबर, रात्री ९.४०

म्हटलं, बसा, दोन तास आहेत का?

अनगोळ_नाका | १३ ऑक्टोबर, रात्री ९.५५

नावांचीपण गंमतच आहे. आपल्या गावाचं पाटीवर २०१४ साली बेळगावी झालं. तिकडं अंदमानात हॅवलॉक बेटाचं २०१८ ला स्वराज द्वीप, नील बेटाचं शहीद द्वीप, आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४ ला श्री विजय पुरम. तिकीट काढताना जुनं घातलं की नवं येतं, नवं घातलं की जुनं. रिक्षावाला मात्र हॅवलॉकच म्हणतो, जसं आपल्या एसटीचा कंडक्टर बेळगावच ओरडतो.

काळी_पाटी | १३ ऑक्टोबर, रात्री १०.१०

ओरडणारच. गाव आमचं बेळगावच. १ नोव्हेंबरचा काळा दिवस जवळ आलाय, विसरू नका, आणि कोण कुठल्या खुर्चीसाठी

संपादक_मंडळ | १३ ऑक्टोबर, रात्री १०.१६

वरचा प्रतिसाद अर्ध्यावर कापला आहे. सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे आणि तो १,१०० प्रतिसादांवर जिवंत आहे. इथं बोटीतनं फार लांब जाऊ नये.

सुभेदार_निवृत्त | १४ ऑक्टोबर, सकाळी ६.१०

ताई, नाताळात अंदमान म्हटलं की मला दुसरंच आठवतं. लिहू की नको, रात्रभर विचार केला.

२००४ साली मी पोर्ट ब्लेअरला होतो. २५ ला युनिटात केक कापला, २६ रविवार. सकाळी साडेसहाला पलंग हलायला लागला. बाहेर आलो तर माड वाऱ्याशिवाय डोलत होते. आधी भूकंपच वाटला. समुद्र नंतर आला. पोर्ट ब्लेअरला त्यामानानं कमी. खरं तडाखा दक्षिणेला, कार निकोबारला. तिथले निकोबारी बहुतेक ख्रिश्चन. आदल्या रात्री नाताळची गाणी म्हणून, जेवून, किनाऱ्यालगतच्या घरांत झोपलेली माणसं. हवाई दलाचा तळसुद्धा किनाऱ्यावरच होता, आमच्या ओळखीची दोन कुटुंबं त्यात गेली. पार दक्षिण टोकाला इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरच्या वर खचली, दीपस्तंभ पाण्यात उभा राहिला. पुढचे दीड महिने आम्ही काय केलं ते इथं लिहीत नाही.

घाबरवायला लिहिलं नाही. आता इशारा देणारी यंत्रणा आहे, किनाऱ्यावर सुटकेच्या रस्त्याच्या पाट्या आहेत. पोरांना एवढंच शिकवा : जमीन जोरात हलली किंवा समुद्र अचानक आत ओढला गेला तर शिंपले वेचत बसायचं नाही, उंचावर पळायचं.

बाकी तुमच्या सासूबाईंना जरूर न्या. सेल्युलर जेलच्या सातपैकी तीनच ओळी आता उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर टोकाला, तेवढे जिने चढावे लागतील. घाई न करता दर जिन्यावर बसवा. काही किनाऱ्यांवर मगरीची पाटी असते. ती शोभेची नाही, पाटी असेल तिथं पाण्यात उतरायचं नाही. अन् रोख पैसे ठेवा. २०२० ला चेन्नईहून समुद्राखालनं केबल गेली, त्यामुळं नेट आधीपेक्षा बरं आहे, तरी बेटावर कधी यंत्र बंद, कधी रेंज नाही.

हिंडलग्याची_सून | १४ ऑक्टोबर, सकाळी ९.००

सुभेदार काका, लिहिलंत ते बरं केलंत. सासूबाईंना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, त्या माणसांचा सण कसा आला असेल पुढच्या वर्षी.

कॅम्पातली | १४ ऑक्टोबर, सकाळी ९.२५

काका, २६ ला आम्ही दरवर्षी एक मेणबत्ती जास्त लावतो. आमच्या चर्चमधनं तेव्हा कपडे, भांडी गेली होती.

वडगावची_वैनी | १४ ऑक्टोबर, दुपारी ३.४५

सगळे जा जा म्हणतात, मी उलट सांगते. नेऊ नका. आमच्या सासऱ्यांना घेऊन आम्ही गेलतो, एजंटनं सहा दिवसांत सगळी बेटं बसवलेली. पहाटे चारला उठा, बोट, बस, परत बोट. बाराटांग बेटाला जायचं तर रात्री दोनला उठवलं, कारण जारवा आदिवासींच्या जंगलातनं गाड्या ठरल्या वेळीच एका रांगेत सोडतात. मध्ये थांबायचं नाही, काच खाली नाही, फोटो नाही. ते बरोबरच आहे म्हणा, त्यांच्या अंगणातनं आपण जातोय. खरं सासऱ्यांना लघवीला थांबायचं होतं. पुढचं सांगत नाही. पुढं चुनखडीच्या गुहेपर्यंत दीड-एक किलोमीटर चिखलातनं चालणं. आत जाऊन सासरे म्हणाले, हे बघायला आणलंत?

पुन्हा बोट समुद्र खवळला म्हणून रद्द, एक रात्र जास्तीची, तिची भरपाई एजंट देईना. डिसेंबरच्या सुरुवातीला गेलतो, वादळाचे दिवस. २०१६ साली तर त्याच सुमाराला वादळात हजाराच्या वर पर्यटक हॅवलॉकला अडकलेले, पेपरात आलं होतं.

निपाणीकर | १४ ऑक्टोबर, दुपारी ४.१०

वैनी, तो दोष अंदमानचा नव्हं, वेळापत्रकाचा. आम्ही बाराटांग घेतलंच नाही. पोर्ट ब्लेअर तीन रात्री, नील दोन, झालं. नीलवर माणूस कमी, सायकलीवर फिरता येतंय. गावांची नावं बघा : रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. सासूबाईंना रामायणात उतरल्यासारखं वाटेल. भरतपूरला तळाला काच असलेली बोट मिळते, बसल्या जागी पोवळी दिसतात, पाण्यात उतरायचं काम नाही. आईनं पदर सावरून काचेला नाक लावलं ते अर्धा तास काढलं नाही.

जायच्या दिवशीच परतीचं विमान ठेवू नका, म्हणजे बेटावरनं येणं आणि विमान यात एक रात्र सोडा. बोट रद्द झाली तर जीव टांगणीला लागत नाही.

मांडेवाला | १४ ऑक्टोबर, दुपारी ४.३०

शाकाहाराचं कुणी सांगितलंच नाही. तिथं बंगाली, तमिळ, तेलुगू सगळे आहेत, हिंदी सगळ्यांना येते. इडली-डोसा, डाळ-भात कुठंही. तरी आपलं आपल्याबरोबर पाहिजे : दशम्या, शेंगदाण्याची चटणी, संकेश्वरी मिरचीचा ठेचा. कुंदा नेऊ नका, उकाड्यात दोन दिवसांत आंबतोय. आणि मांडे विमानात हातात धरून बसावे लागतात, वरच्या कप्प्यात टाकले तर चुरा होऊन उतरतात. अनुभवाचे बोल. हवाईसुंदरीनं विचारलं, सर, यात काय पेपर आहेत का?

टिळकवाडीचा_टवाळ | १४ ऑक्टोबर, दुपारी ४.३३

मग, महत्त्वाचे कागद म्हणालास की नाही?

धाकट्याचा_मोठा_भाऊ | १५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.५०

मी इथं आईच्या फोनवरून लिहितोय. कुणी सांगत नाहीये की ३१ ला आम्ही नसलो तर ओल्ड मॅन, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, कोण करणार? आमच्या गल्लीत दरवर्षी आम्हीच करतो. जुन्या प्यांटी मी आत्तापासून जमवल्यात.

टिळकवाडीचा_टवाळ | १५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.५५

या धाग्यावरचा पहिला मुद्द्याचा प्रतिसाद. बेळगावचं पोर ३१ ला रात्री बाराला ओल्ड मॅन जाळल्याशिवाय नव्या वर्षात जात नाही. ३० च्या आत परत या.

हिंडलग्याची_सून | १६ ऑक्टोबर, रात्री १०.१५

ठरलं. २३ ला निघायचं, ३० ला घरी. पोर्ट ब्लेअर आणि नील, बाराटांग नाही. हॅवलॉकचं मिस्टरांनी हिशेब मांडून खोडलं. कॅम्पातली आँटी, २३ च्या आधी एक दिवस दोदोल ढवळायला मी आणि सासूबाई येतो, पत्ता निरोपातनं पाठवा.

कॅम्पातली | १६ ऑक्टोबर, रात्री १०.२०

या. मोठी कढई आहे, झारा तुमचा आणा.

चिकोडी_एक्स्प्रेस | ४ जानेवारी, सकाळी ११.००

काय ओ ताई, जाऊन आलात का? धागा अर्ध्यावर टाकून पळालात.

हिंडलग्याची_सून | ४ जानेवारी, रात्री ११.२०

आलो, आलो. कपडे धुण्यातनं आज मोकळी झाले.

बोटीचं आधी. गोळी डॉक्टरांना विचारून दिली, खालच्या मजल्यावर मधे बसवलं. सासूबाई नीलपर्यंत हरिपाठ म्हणत ताठ बसल्या. उलट्या मिस्टरांना झाल्या. जाताना आणि येताना.

तुरुंग २४ ला सकाळी बघितला. सुभेदार काकांनी सांगितल्यासारखं दर जिन्यावर बसत बसत वर गेलो. मला वाटलं होतं, कोठडीशी गेल्यावर त्यांना भरून येईल, मी पिशवीत रुमाल वरच ठेवला होता. तसलं काही झालं नाही. त्या आत गेल्या, भिंतीला हात लावला, वर झरोका बघितला, मग बाहेरच्या लांबलचक ओळीकडं बघत राहिल्या. एका कोठडीचं दार दुसऱ्या ओळीच्या पाठीला येतं, समोरासमोर कुणी कुणाला दिसू नये म्हणून तसं बांधलंय, हे पाटीवरचं थोरल्यानं वाचून दाखवलं. खाली तेलाचा घाणा ठेवलाय, बैलाच्या जागी माणूस जुंपायचे तो. तिथं मात्र त्या खाली बसल्या. म्हणाल्या, "आमच्या हिंडलग्याचा बरा होता म्हणायचा." आणि मग तिथल्या पहारेकऱ्याला हिंदीतनं विचारलं, इथं दूध कुठनं यायचं? त्याला काही सांगता येईना. संध्याकाळच्या प्रकाश आणि ध्वनीच्या कार्यक्रमात त्या गाढ झोपल्या, पहाटे पाचपासून जाग्या ना.

नाताळचं सांगायचं राहिलं. आमचा गाडीवाला रांचीकडचा, म्हणजे त्याचा आजा जंगलतोडीच्या कामाला छोटा नागपूरहून आलेला. तसली पुष्कळ माणसं आहेत तिथं, बरीच ख्रिश्चन. २५ ला दुपारपर्यंत येणार नाही, आधी सांगितलं होतं त्यानं. दुपारी आला तो नवा शर्ट घालून, हातात डबा. तांदळाचं पीठ आणि गूळ, तळलेलं. अरसा म्हणतात ते. सासूबाईंनी एक तुकडा तोंडात टाकला आणि जाहीर केलं, हे अनारसंच की, खसखस विसरलेत. मग आम्ही आमच्याजवळचं, आँटींनी दिलेलं दोदोल त्याच डब्यात भरून परत दिलं. आँटी, तुमचं दोदोल पोर्ट ब्लेअरच्या एका घरात नाताळला पोचलं, कळवते. हॉटेलातपण सक्तीचं जेवण होतं, कापसाचा बर्फपण होता, त्याबद्दल काही लिहीत नाही.

धाकट्यानं नीलवर खिसाभर शंख-पोवळी जमवली. न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात, असं हॉटेलवाल्यानं सांगितल्यावर रडत सगळी परत टाकून आला. दोन शंख चालत गेले म्हणे, आत खेकडे होते.

वडगावच्या वैनी, बाराटांग टाळलं ते तुमच्यामुळं. उपकार.

ओल्ड मॅन झाला. ३० ला मध्यरात्री पोचलो, ३१ ला दुपारपर्यंत पोरांनी उभा केला. मिस्टरांची जुनी प्यांट, आणि डोक्यावर नीलहून आणलेली माडाच्या झावळीची टोपी. टोपी आधी पेटली.

कॅम्पातली | ५ जानेवारी, सकाळी ८.१०

वाचून बरं वाटलं. तुमचा झारा माझ्याकडंच राहिलाय.

टिळकवाडीचा_टवाळ | ५ जानेवारी, सकाळी ८.३०

सगळं झालं, दिवाडचं काय?

हिंडलग्याची_सून | १९ जानेवारी, रात्री ९.४५

काल नेलं. फेरीबोटीत माणसांना तिकीटच नाही, त्यामुळं मिस्टर दिवसभर खूश. दोनदा इकडून तिकडं जाऊन आले. धाकटा म्हणतो, हे बेट चांगलंय, इथं पप्पांना उलटी होत नाही.